मन्यूचं पान

तिचं नाव पानावर नाही, हे त्याला कळलं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि त्याच्या हातात घडी दाबायची लाकडी पट्टी होती. कोशाच्या सहाव्या खंडाचे छापील कागद आदल्या संध्याकाळी छापखान्यातून आले होते. चारशे प्रती, प्रत्येकीत अडतीस फर्मे, एकेका फर्म्यात सोळा पानं. आधीचे पाचही खंड त्यानेच बांधले होते आणि त्यातलं एक पानही वाचलं नव्हतं. बाइंडरने वाचायचं नसतं, आकडे जुळवायचे असतात, वाचत बसलास की घडी चुकलीच म्हणून समज, असं तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावायचा. आज मात्र त्याने गठ्ठे सोडले ते बाविसाव्या फर्म्यासाठी. तीनशे चव्वेचाळीसव्या पानावर तो शब्द ठळक टाइपात होता, मन्यू, आणि पुढे सात पानं भरून मजकूर. त्याने मजकूर सोडून सरळ शेवट गाठला. तीनशे पन्नासावं पान, तळाशी, उजवीकडे. दवाखान्यात बायकोने बोटाने चादरीवर जागासुद्धा दाखवली होती. ‘लेख संपला की अगदी तळाला. लहान टाइप असतो, चष्मा लावून बघा हं.’ तो चष्मा लावूनच बघत होता. तळाशी, उजवीकडे, लहान टाइपात नाव होतं. ते मुख्य संपादकाचं होतं.

समोर घडीवाल्या मावशी मांडी घालून कागद दुमडत होत्या. वीस वर्षं त्या त्याच्याकडे कामाला होत्या, आणि जिभेला हाड नाही अशी त्यांची ख्याती होती. ‘काय हो, तोंड असं का केलंत? कुणी मेलं का?’ असं त्या सवयीने बोलून गेल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली. चार महिन्यांपूर्वी खरंच मेलं होतं. त्याने पुन्हा एकदा वाचलं, मग कागद उजेडात धरला, जणू कागदाच्या पोटात दुसरं नाव असेल. मग पहिल्यांदाच त्याने आपला नियम मोडला आणि खालून वर वाचत गेला. तिसऱ्याच ओळीला तो थांबला. ‘रागावलेला माणूस विचार करत नाही असे आपण म्हणतो, या शब्दाचा जन्म मात्र विचार करण्यातूनच झाला आहे.’ हे वाक्य त्याने ऐकलं होतं. स्वयंपाकघरातल्या नळाखाली ती कढई घासत होती, तो टेबलापाशी बसून पायाचं नख कापत होता, आणि तिने मान न वळवता ते म्हटलं होतं. नळ चालू होता म्हणून त्याने ‘काय?’ विचारलं होतं. तिने पुन्हा म्हटलं होतं, आणि त्यावर तो ‘हं’ म्हणाला होता.

नऊ वर्षं तो शब्द त्यांच्या घरात राहायला होता. लांबच्या नात्यातला एखादा म्हातारा दोन दिवसांसाठी यावा आणि जाईनाच, तसा. ती कोशाच्या कचेरीत चिठ्ठ्या लिहायची. जुन्या ग्रंथांत एखादा शब्द कुठे कुठे आलाय ते शोधायचं, दर ठिकाणाची एक चिठ्ठी करायची, वर शब्द, मध्ये मूळ वाक्य, खाली त्याचा अर्थ. सव्वीस वर्षांत तिने असे हजारो शब्द हातावेगळे केले आणि घरी कधी त्यांचं नाव काढलं नाही. या एकाच शब्दाने तिला धरलं. ‘अहो, ऐकलंत का,’ म्हणून ती सुरू करायची. मन् म्हणजे विचार करणं. त्यातूनच मन आलं, त्यातूनच मन्यू. सगळ्यात जुन्या जागी त्याचा अर्थ नुसता राग असा नाही, मनाचा जोर असा आहे. माणूस सगळं मन एका ठिकाणी ओततो तेव्हा जे तयार होतं ते. पुढे लोकांनी त्याला देव केलं. लढाईला निघताना त्याला हाक मारलीय, की ये, आमच्याच रथात आमच्या शेजारी बस. ‘म्हणजे राग शेजारच्या सीटवर,’ तो म्हणाला होता, आणि ती इतकी हसली होती की तिला ठसका लागला. दुसऱ्या एका ठिकाणी देवाला नमस्कार करताना पहिला नमस्कार त्याच्या रागाला घातलाय, बाण आणि धनुष्य त्याच्या मागून. यज्ञालाही मन्यू म्हणतात. ते का, हे तिला शेवटपर्यंत नीट सापडलं नव्हतं आणि त्याची तिला रुखरुख होती. आणि एक होतं प्रायश्चित्ताचं वाक्य, ते तिला फार लागलं होतं. हातून पाप घडलं असेल तर पुन्हा पुन्हा म्हणायचं, की हे मन्यूने केलं, मी केलं नाही. ‘बघा की, केवढी सोय,’ ती म्हणाली होती. ‘करून सवरून नामानिराळं व्हायचं. आमच्या कचेरीत भिंतीवर लिहून लावायला हवं हे.’ तेव्हा कचेरीत काय चाललंय, असं त्याने विचारायला हवं होतं. त्याने टीव्हीचा आवाज कमी केला होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तो कोशाच्या कचेरीत गेला. चिठ्ठ्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती, आणि तिथे तिच्या समोरच्या टेबलावर बसणाऱ्या ताई अजून तशाच बसल्या होत्या, कोपराखाली तीच चौकोनी गादी घेऊन. तिचं टेबल रिकामं होतं. त्यावर पंखा दुरुस्तीला काढून ठेवला होता, पाती वर करून, आणि ते बघून त्याच्या मस्तकात कळ गेली. ताईंनी त्याला बघितलं आणि तो कशासाठी आलाय ते कळल्याचं त्यांच्या तोंडावरच दिसलं.

‘भाऊ, बसा आधी.’

‘बसायला नाही आलो. ती सात पानं कुणाची?’

‘तुम्हाला माहितीये कुणाची.’

‘मला माहितीये. तुम्ही सांगा.’

ताईंनी दाराकडे बघितलं, उठून ते लोटून आल्या. ‘संपादकांनी कबूल केलं होतं तिला. इथंच, या टेबलापाशी उभं राहून. बाई, मन्यूचा लेख तुमचा, खाली नाव तुमचंच पडेल. मी या दोन कानांनी ऐकलं.’

‘मग हेच चारचौघांत सांगा.’

‘मी ऐकलं होतं भाऊ,’ ताई म्हणाल्या, ‘पण मी ऐकलं असं मी सांगणार नाही. माझी तीन वर्षं राहिलीत. घरात अंथरुणाला खिळलेली सासू आहे. तुम्ही शिव्या घाला मला, मी ऐकून घेईन.’

त्याने शिव्या घातल्या नाहीत. त्याने हस्तलिखित मागितलं. मूळ प्रत टाइप झाली की रद्दीत जाते, पहिल्या खंडापासून तशीच पद्धत आहे, असं ताई म्हणाल्या. मग चिठ्ठ्या? चिठ्ठ्या होत्या. ताईंनी लोखंडी कपाटाचा खण ओढून त्याच्यासमोर ठेवला. मन्यूच्या अकराशे चाळीस चिठ्ठ्या, दाट, उभ्या, एकमेकींना खेटून. त्याने मधूनच मूठभर काढल्या. काळी शाई, सुटं, ठाशीव अक्षर. ‘हे बघा, अक्षर तिचं आहे!’ तो जवळजवळ ओरडला. ताईंनी शेजारचा खण उघडला, मग त्याखालचा. सगळीकडे तेच अक्षर. ‘छापखान्यातल्या जुळाऱ्याला वाचायला सोपं जावं म्हणून इथं सगळ्यांना एकच वळण शिकवतात. पहिले सहा महिने नुसतं तेच गिरवायचं. माझं, तिचं, आमच्याआधी गेलेल्यांचं, सगळ्यांचं एकच अक्षर. आमचं आम्हालाही ओळखू येत नाही.’ तो चिठ्ठ्यांकडे बघत राहिला. तेहतीस वर्षांचा संसार, आणि बायकोचं अक्षर कुठलं ते त्याला सांगता येत नव्हतं. घरी तिने कधी काही लिहिलं नव्हतं. वाण्याची यादीसुद्धा ती तोंडी सांगायची. हाताला तेवढीच विश्रांती, म्हणायची.

‘मग कुणाची चिठ्ठी कुठली, कळायचं कसं तुम्हाला?’

‘खूण असायची ना. तळाच्या कडेला, एक अक्षर. ज्याची चिठ्ठी त्याच्या नावाचं अक्षर.’

त्याने चिठ्ठीचा तळ पाहिला. कड कोरी होती, आणि सरळ होती. आता सरळ कड म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? कात्रीची कड दातरते, पातं बोथट असेल तर कागद कडेला दबतो आणि बोटाला लागतो. ही कड गुळगुळीत होती, पहिली चिठ्ठी आणि हजारावी चिठ्ठी केसाइतकीही वेगळी नव्हती. असं कापणारं मशीन अख्ख्या शहरात एकाच बाइंडरकडे होतं. ताई खाली बघत होत्या. ‘दोन वर्षं झाली,’ त्या म्हणाल्या. ‘नवी कपाटं आली तेव्हा. आम्हाला वाटलं, खुणा गेल्याचं तिने तुम्हाला सांगितलं असेल.’

कपाटं आली तेव्हा त्यांचे खण उंचीला एक बोट कमी भरले. जुन्या लाकडी पेट्या मोडीत निघाल्या होत्या, आणि चिठ्ठ्या नव्या खणात मावेनात. मुख्य संपादकांनी गठ्ठे त्याच्याकडे पाठवले, सोबत त्यांच्या सहीचा कागद: एक बोट कापणे, खालून कापणे, वर शब्द आहे. त्याने पात्याला नवी धार करून घेतली आणि तीन दिवसांत चाळीस हजार चिठ्ठ्या कापल्या. मशीनचं चाक फिरवलं की पातं खाली यायचं आणि दाबलेल्या गठ्ठ्यातून असं जायचं, की आवाज व्हायचा तो फक्त शेवटी, खालच्या लाकडाला टेकल्यावर. खाली पट्ट्यांचा ढीग पडला, बोटभर रुंद. मावशींनी त्या रद्दीच्या पोत्यात भरल्या. ढिगात काळी अक्षरं दिसत होती का? दिसत असणार. बाइंडर वाचत नाही. त्या संध्याकाळी तो खुशीत घरी आला होता, आणि ती पायातल्या चपला काढत होती.

‘आज काय कापलंत? हाताला वास येतोय तेलाचा.’

‘तुमच्याच चिठ्ठ्या. चाळीस हजार! नखाएवढा फरक नाही कुठं. तुझ्या साहेबाला सांग, असा माणूस मिळणार नाही.’

ती एक चप्पल हातात घेऊन उभी राहिली होती. ‘खालून कापल्या?’

‘खालून. वर शब्द असतो ना.’

‘हं,’ ती म्हणाली. मग चप्पल जागेवर ठेवून तिने गॅस पेटवला. तो ‘हं’ आज दोन वर्षांनी त्याच्या कानात शिरला. त्यानंतर ती संपादकाकडे गेली असणार, त्यामुळेच तिला ते वचन मिळालं असणार. खूण गेली म्हणून तिने त्याच्याकडून शब्द घेतला. आणि नवऱ्याने कापली हे ती कुणालाही सांगणार नव्हती, नवऱ्यालासुद्धा. दवाखान्यात तीन आठवडे रोज सकाळी तिने विचारलं, ‘फर्मे आले का?’ रोज तो नाही म्हणाला. तिला त्याच्याकडून एवढंच हवं होतं, की त्याने तळाला बघून सांगावं.

कचेरीतून तो चालत निघाला आणि चालतच राहिला. बँक मागे गेली, चष्म्यांची दुकानं मागे गेली, सिग्नलला उभ्या माणसांच्या गर्दीत तो हिरवा दिवा होऊनही थांबून राहिला. तो आयुष्यात कधी कुणाच्या अंगावर धावून गेला नव्हता. पण त्या रस्त्याने जाताना त्याने संपादकाला तीन वेळा मारलं. एकदा जिन्यावरून ढकलून, एकदा त्या कपाटाखाली, आणि तिसऱ्या वेळी त्याने नुसता त्याचा उजवा हात मशीनच्या पाट्यावर नीट ठेवला, मनगट कडेला लावून, जसा गठ्ठा लावतात, आणि चाक फिरवलं. इथे त्याला थांबावं लागलं, कारण चाक फिरवणारा हात त्याने ओळखला. राग एकाच्या अंगावर टाकावा तर तो वळून दुसऱ्याकडे बघायचा. संपादकाने लिहून दिलं, पण कापलं कुणी? आणि मग त्याला अधिकच संताप आला, की या माणसाने त्याचा हातसुद्धा वापरून घेतला. चोरी करताना शिडी धरायला घरचाच माणूस लावला, आणि त्या माणसाने वर धारेची बढाई मारली. तीन दिवस तो असा फिरत होता, घरात, कामावर, जेवणाच्या ताटावर. तिने सांगितलेलं त्याला आता समजत होतं. त्याचं डोकं एरवी कधी चाललं नव्हतं इतकं चालत होतं. सगळं मन एका ठिकाणी ओतलं गेलं होतं, आणि शेजारच्या सीटवर कुणीतरी येऊन बसलं होतं.

लेकीचा फोन आला तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. ती दुसऱ्या शहरात हिशेबनिसाची नोकरी करायची आणि बापापेक्षा आईवर गेली होती. आधी सगळं ऐकून घ्यायची.

‘बाबा, आईने कधी मागितलं होतं का नाव?’

‘मागितलं. दवाखान्यात. चादरीवर बोट ठेवून.’

‘मग आता काय, या वयात मारामारी करणार त्या म्हाताऱ्याशी? तो एक हाडकुळा, तुम्ही दुसरे. आधी कोण पडतो ते बघायला तिकीट लावायला लागेल.’

‘चेष्टा नकोय.’

‘चेष्टा नाही करत. त्यांना एक पान बदलून मागा. तुम्हीच सांगता ना, छापताना चूक झाली तर एकच पान नव्याने छापून आत चिकटवता येतं म्हणून?’ मग जरा थांबून, ‘जेवताय ना वेळेवर?’

एक पान. त्याच्या धंद्यातली ही रोजची गोष्ट, आणि ती त्याच्या डोक्यात आली नव्हती. चुकीचं पान पात्याने मुळाशी कापायचं, दोन सूत रुंदीचा कागद शिल्लक ठेवायचा, त्या कडेवर नवं पान चिकटवायचं. नीट केलं तर पुस्तक फाटेल पण ते पान निघणार नाही. त्याने संपादकांना निरोप पाठवला, की बाविसाव्या फर्म्याची अडचण आहे, येऊन बघा. खंडाचं प्रकाशन शुक्रवारी होतं, त्यामुळे संपादक बुधवारीच आले. धुतलेला पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. खुर्ची त्यांनी रुमालाने पुसली आणि मग बसले. मावशींनी पाण्याचा पेला पुढे ठेवला तो त्यांनी बोटाने बाजूला सरकवला.

‘काय अडचण?’

‘तीनशे पन्नास पान. खालचं नाव चुकलंय.’

संपादकांनी कागद बघितला नाही. ‘चुकलेलं नाही.’

‘लेख तिचा आहे. सात पानं. मी घरी ऐकलाय तो, ओळ न् ओळ.’

‘हे बघा, तुमच्या दुःखात मी आहे. बाई कष्टाळू होत्या, शंका नाही. पण चिठ्ठ्या लिहिणं म्हणजे विटा वाहणं. विटा वाहणारे पुष्कळ असतात, घर बांधणारा एक असतो.’

‘तुम्ही कधी वीट उचललीत?’

मावशींच्या हातातली घडी थांबली. संपादक हसले, पण त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ‘ठीक. दाखवा मला एक चिठ्ठी, जिच्यावर त्यांची खूण आहे. अकराशे चाळीसातली एक. मी आत्ता, तुमच्यासमोर, नाव बदलतो.’

‘खुणा कापल्या.’

‘कुणी?’

त्याने समोरचा कागद उगाच सरळ केला.

‘कुणी कापल्या?’ संपादकांनी अगदी मऊ आवाजात पुन्हा विचारलं. मग ते उठले. ‘कपाटं जशी आली तशी आली, त्यात माझं काय? मी नाही काही केलं. पुढच्या खंडाच्या प्रस्तावनेत दिवंगत सहकाऱ्यांचे आभार आहेत, त्यात त्यांचा उल्लेख घालू. शुक्रवारी सकाळी नऊला टेम्पो येईल.’

‘एक पान छापा. कागद माझा, चिकटवणं माझं.’

‘नऊला,’ संपादक म्हणाले आणि उंबऱ्यावरचा कचरा ओलांडून गेले.

‘मुडदा बशिवला याचा,’ मावशी दाराकडे बघून म्हणाल्या. ‘पाण्यालासुद्धा शिवला नाही. तुम्ही आता काय करणार?’

काय करणार, हे त्याने गुरुवारी दुपारपर्यंत ठरवलं होतं. हा माणूस आपलं नाव छापतोच आहे, तर ते छापलेलं राहू द्यायचं नाही. शाई फासली तर लोक वाकून वाकून वाचतात, खाली कोण आहे म्हणून. वर चिठ्ठी डकवली तर ती नखाने निघते. नाव कापायचंच, आणि तेही तसंच कापायचं, खालून, एक बोट. फर्म्यातलं ते एकच पान, चारशे वेळा. इथे मशीन चालणार नव्हतं, सगळ्या फर्म्याची तळची ओळ गेली असती. म्हणजे पोलादी पट्टी लावून हातातल्या पात्याने, एकेक. रात्रीपर्यंतचं काम. मग प्रकाशनापुरत्या प्रती शिवायच्या, पुठ्ठा चढवायचा, आणि शुक्रवारी नऊ वाजता त्या टेम्पोत घालून द्यायच्या. व्यासपीठावर कुणीतरी पुस्तक उघडेल. कुणीतरी विचारेल, साहेब, या पानाला काय झालं? त्या क्षणाचं चित्र त्याने इतक्यांदा बघितलं होतं की पाहुण्यांच्या शर्टांचे रंगसुद्धा त्याला माहीत झाले होते. दुपारची सुट्टी झाली, मावशी डबा घेऊन बाहेर ओट्यावर गेल्या, आणि त्याने पहिला फर्मा समोर घेतला.

पान मोकळं केलं, खाली जुना पुठ्ठा सरकवला, पोलादी पट्टी नावाच्या बरोबर वर टेकवली. हात अजिबात हलला नाही. पातं एकदाच ओढलं. बोटभर रुंद पट्टी सुटून टेबलावर पडली, आणि त्यावर संपादकाचं नाव होतं, आता कशाच्याच खाली नसलेलं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला पोटभर बरं वाटलं. अगदी शरीरातून बरं वाटलं, थंडीत शेकोटीला हात धरावेत तसं. त्याने पट्टी उचलली आणि सहज, कापलेली कड बघायची सवय म्हणून, उलटी केली. मागच्या बाजूला तीनशे एकोणपन्नासावं पान होतं. तेही तिचंच होतं. त्याची शेवटची ओळ पट्टीवर आली होती, सबंध: ‘राग दमल्यावर जे उरते त्यालाही लोक मन्यूच म्हणत राहिले, पुढे त्याचा अर्थ शोक.’

ही ओळ त्याने कधी ऐकली नव्हती. घरात ती कधी बोलली नव्हती ही ओळ, किंवा बोलली असेल आणि नळ चालू असेल. तो पट्टी हातात धरून उभा राहिला. एका बाजूला संपादकाचं नाव, दुसऱ्या बाजूला तिची ओळ. कागद एकच, जाडी केसाएवढी. ती चुरगळून फेकावी तर तिची ओळ चुरगळते. जपून ठेवावी तर त्याचं नाव जपलं जातं. नाव काढायचं तर चारशे वेळा ही ओळ काढावी लागणार होती, आणि काढणारा तो स्वतःच, पुन्हा एकदा, खालून, एक बोट. त्याने पानाची कड बघितली. सरळ होती. बाहेर ओट्यावर मावशी कुणालातरी सांगत होत्या, की आमचे मालक भला माणूस, मुंगीलाही बाजूला करून पाय टाकतील. त्याला वाटलं, बाहेर जाऊन ओरडून सांगावं, की नाही हो, मी तसा नाही, मी आत्ता काय काय कापू शकतो ते तुम्हाला माहीत नाही. त्याने पातं खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं. दुसरा फर्मा समोर घेतला, पट्टी लावली, काढली, पुन्हा लावली. सुट्टी संपली, मावशी आत आल्या, टेबलावरची कापलेली पट्टी त्यांनी बघितली आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

शुक्रवारी नऊला टेम्पो आला आणि रिकामा परत गेला. साडेनऊला फोन वाजला.

‘कुठे आहेत प्रती?’

‘इथंच आहेत. बांधल्या नाहीत.’

‘बांधल्या नाहीत म्हणजे? दोरा संपला? वीज गेली?’

दोन्ही कारणं चांगली होती, आणि संपादकांनी ती स्वतः हातात आणून ठेवली होती. ‘सगळं आहे,’ तो म्हणाला. ‘मी बांधत नाही.’

‘तुम्हाला राग आलाय. मी समजू शकतो. रागाच्या भरात माणूस...’

‘रागाने नाही केलं,’ तो म्हणाला. ‘मी केलंय. त्या चिठ्ठ्या कापल्या त्याही मीच. विचारलंत ना परवा, कुणी कापल्या? मी कापल्या. तुमच्या सहीचा कागद आहे माझ्याकडे, एक बोट, खालून. आता तुम्ही सांगा तुम्ही काय केलंत.’

‘मी दुसरा बाइंडर बघीन. कागद पोलिसांना घेऊन उचलीन.’

‘आणा. त्यांनाही तेच पान दाखवीन.’

फोन बंद झाला. मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा केला, गोळ्यातून दोरा ओढून दातांनी तोडला आणि विचारलं, ‘मग आज काय शिवायचं?’ त्याने त्यांना शाळेच्या वह्यांचा गठ्ठा काढून दिला.

ते झालं त्याला आता सहा आठवडे झाले. पोलीस आले नाहीत, संपादकही आले नाहीत. वकिलाचं एक पत्र आलं, त्याला त्याने उत्तर दिलेलं नाही. नवं पान छापून आलेलं नाही. खंडाचे सदतीस फर्मे घडी घालून, दाबून, भिंतीला लावून ठेवले आहेत. बाविसाव्याच्या तीनशे नव्याण्णव प्रतींवर संपादकाचं नाव अजून आहे, आणि एका प्रतीवर कुणाचंच नाही. रोज दुपारी मावशी ओट्यावर गेल्या की तो त्यातला वरचा फर्मा समोर घेतो, पोलादी पट्टी लावतो आणि काढून ठेवतो. खंड शिवायचा राहिला आहे. ते नाव कापायचं राहिलं आहे. आणि तिचं नाव अजून कुठेच छापलेलं नाही.